किंग्ज पळत नाहीत, मान्य. पण का पळत नाहीत?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधले सॅक्रमेंटो किंग्ज हरले की पुढची भांडणं ठरलेली. एक पार्टी म्हणते, या लोकांना वर्षाला शंभर, दोनशे, साडेतीनशे कोटी रुपये मिळतात आणि डिफेन्सला हे चालत परत येतात, लाज कशी नाही वाटत. दुसरी पार्टी म्हणते, अहो ८२ मॅचेस असतात, आज इथे उद्या तिथे, विमानात झोपायचं, माणूस आहे, थकणारच. आणि आपल्या मराठी लोकांत एक तिसरी पार्टी आहे, तिचं म्हणणं असं की टीमचा मालक विवेक रणदिवे म्हणजे मुंबईत जन्मलेला आपला माणूस, त्याने काय कमी केलंय, खेळाडूच निकम्मे निघाले तर तो तरी काय करणार. मला ही तिन्ही म्हणणी अर्धवट वाटतात, आणि सगळ्यात जास्त वैताग तिसऱ्याचा येतो. माझं म्हणणं सरळ आहे. किंग्ज मन लावून खेळत नाहीत हे खरंय, डोळ्यांना दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते आजाराचं शेवटचं लक्षण आहे. खेळाडूचे पाय थांबतात ते खूप उशिरा, त्याआधी त्याचा विश्वास थांबलेला असतो, की आज मला जे सांगितलंय तेच तीन महिन्यांनीही सांगितलं जाईल आणि सांगणारा माणूसही तोच असेल. तो विश्वास सॅक्रमेंटोत कोणी संपवला हे बघायचं असेल तर कोर्टवर बघून उपयोग नाही, कोर्टच्या कडेला मालकाची खुर्ची असते तिकडे बघावं लागेल.

आधी हिशोब मांडू. रणदिवेंच्या ग्रुपने २०१३ मध्ये टीम घेतली, तेव्हा ती सिअॅटलला जायच्या बेतात होती. तेव्हापासूनचे कोच मोजा: माइक मलोन, टायरोन कॉर्बिन, जॉर्ज कार्ल, डेव्ह यर्गर, ल्यूक वॉल्टन, अल्विन जेन्ट्री, माइक ब्राउन, डग क्रिस्टी. २०२५ पर्यंतच्या बारा वर्षांत आठ. यातले काही हंगामी होते हे मान्य, पण खेळाडूसाठी हंगामी कोच म्हणजे सुद्धा नवीन आवाज, नवीन फळा आणि नवीन शिव्याच. मलोनला काढलं तो किस्सा तर आठवायलाच हवा. २०१४ ची सुरुवात ९-६, म्हणजे नऊ जिंकल्या सहा हरल्या, अशी झकास झाली होती, मग टीमच्या स्टारला, डिमार्कस कझिन्सला, व्हायरल मेनिन्जायटिस झाला, तो नसताना टीम हरायला लागली, आणि ११-१३ वर असताना डिसेंबरात मलोनला घरी पाठवलं. मालकाला अजून वेगवान खेळ हवा होता असं तेव्हा सांगितलं गेलं. तोच मलोन पुढे डेन्व्हरला गेला आणि २०२३ मध्ये चॅम्पियनशिप घेऊन आला. मग यर्गर. त्याने २०१८-१९ मध्ये ३९-४३ केलं, टीम भन्नाट वेगात खेळत होती, म्हणजे मालकाला जे हवं होतं अगदी तेच, आणि २००६ नंतरचा तो सगळ्यात चांगला सीझन होता. सीझन संपल्या संपल्या त्यालाही काढलं. आता सांगा, या टीममधल्या विशीतल्या पोराने कशावर विश्वास ठेवायचा?

समोरच्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मला माहितीये आणि तो खरंच जोरदार आहे. ते म्हणतात, धावायला कुठली सिस्टिम लागते? समोरच्या टीमने रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, घेतला, ते आपल्या बास्केटकडे सुटले, तर आपणही उलटं फिरून जीव खाऊन पळायचं, यात कोच नवा असो जुना असो काय फरक पडतो? बॉक्स आउट करायला, म्हणजे रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीने अडवून धरायला, लूज बॉलवर झेप घ्यायला, शूट करणाऱ्याच्या तोंडासमोर हात धरायला फक्त इच्छा लागते. आणि इच्छा नसलेल्या टीम्स बास्केटबॉलने बघितल्यात. २०००-०१ चे लेकर्स घ्या. शॅक आणि कोबी हे दोन स्टार, आदल्या वर्षीचे चॅम्पियन, लीगमधला सगळ्यात चांगला डिफेन्स. आणि पुढच्या सीझनला हीच टीम डिफेन्समध्ये लीगच्या खालच्या अर्ध्यात. कारण काय? दोघांचं एकमेकांशी पटेना, आणि शॅक उन्हाळ्यात फिटनेस सोडून आला होता. मग प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, सुरू झाले, यांनी बटण दाबलं आणि १५-१ करून पुन्हा चॅम्पियन. म्हणजे इतके महिने जे दिसत होतं तो खरोखरचा कंटाळा होता, ते मनात आणलं की पळू शकत होते, मनात आणत नव्हते एवढंच. कोच फिल जॅक्सनच होता, दोन्ही वर्षी. मग माझ्या सिद्धांताचं काय झालं?

झालं काही नाही, उलट तो पक्का झाला. त्या लेकर्सना बटण दाबता आलं कारण बटणाला वायर जोडलेली होती. ट्रँगल ऑफेन्स, म्हणजे जॅक्सनची हल्ल्याची ठरलेली पद्धत, पाठ होता, कोण कुठे उभा राहणार हे झोपेत सांगता येत होतं, कोच जाणार नाही हे माहीत होतं, आणि आपण जिंकू शकतो याचा पुरावा आदल्या वर्षीच मिळाला होता. किंग्जला बटण दाबायला सांगताय, पण दाबल्यावर काय चालू होणार? कंटाळलेला चॅम्पियन आणि गोंधळलेला दहावा नंबर हे टीव्हीवर सारखेच दिसतात, दोघेही चालत परत येतात. पण एकाला शिव्या घालून फरक पडतो, दुसऱ्याला शिव्या घालून तो आणखी गोंधळतो. आपली सगळी चर्चा हा फरकच करत नाही.

आणि ‘धावायला सिस्टिम लागत नाही’ हे तर मुळातच खोटंय. एनबीएमधला डिफेन्स कसा चालतो हे एकदा नीट बघा. समोरचा गार्ड बॉल घेऊन येतो, त्याचा एक उंच साथीदार तुमच्या गार्डच्या वाटेत येऊन उभा राहतो, याला म्हणतात स्क्रीन. इथून पुढे तुमच्या सेंटरला, म्हणजे बास्केटपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूला, अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. मागे बास्केटपाशी थांबायचं, की वर येऊन बॉलवाल्याला अडवायचं, की गार्डबरोबर माणूस बदलून घ्यायचा. तो जे करेल त्यावर बाकी तिघांची कामं पूर्ण बदलतात. सेंटर वर आला तर कोपऱ्यातल्या माणसाने स्वतःचा शूटर सोडून बास्केटपाशी धावायचं, आणि त्याने सोडलेला शूटर आणि स्वतःचा असे दोन माणसं चौथ्याने सांभाळायची. हे सगळं बोलून व्हावं लागतं, ओरडून, आणि बोलायच्या आधी कळलेलं असावं लागतं. आता समजा मागच्या कोचने सांगितलं होतं सेंटरने मागे थांबायचं, आणि नवा म्हणतो वर या. आणि समजा कोपऱ्यातला माणूस महिन्याभरापूर्वीच ट्रेडमध्ये आलाय. सेंटर अर्धं पाऊल वर येतो, मागून कोणी येतंय का याची खात्री नाही म्हणून अर्ध्यातच थांबतो, बॉलवाला सरळ आत घुसतो, सोपं लेअप, आणि कॅमेऱ्यात दिसतात दोन्ही हात पसरून एकमेकांकडे बघणारे पाच पुतळे. घरी बसून आपण म्हणतो, हललासुद्धा नाही रे! तो हलणार होता हो, कुठे हलायचं ते ठरत नव्हतं.

किंग्जच्या बाबतीत हे दुप्पट लागू पडतं, कारण त्यांचा सेंटर डोमांटस साबोनिस. कष्टाळू माणूस, पण उंच उडी मारून शॉट ब्लॉक करणं हा त्याचा पिंड नाही. असा सेंटर ठेवायचा तर बाकी चौघे वेळेवर पोचायलाच हवेत, दर वेळी, न चुकता, आणि वेळेवर पोचणं हे फक्त फुफ्फुसाचं काम नाही, ते एकत्र घालवलेल्या दिवसांचं काम आहे.

साबोनिसवरून पैशाचा मुद्दाही निकालात काढू. पैसा मिळाला की खेळाडू सुस्तावतो, गॅरंटीड कॉन्ट्रॅक्ट असतं, खेळला काय नि नाही खेळला काय, असं म्हणतात. साबोनिसने २०२३ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांचा २१.७ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या आधीच्या सीझनला तो हाताच्या मोडलेल्या अंगठ्याने खेळला होता आणि रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला होता. सुस्तावला का मग? पुढच्या सीझनला रिबाउंड वाढले, पुन्हा पहिला, वर सलग ६१ मॅचेसमध्ये डबल-डबल, म्हणजे पॉइंट आणि रिबाउंडसारखे दोन आकडे दहा किंवा त्याच्या वर, आणि त्याच्या पुढच्या सीझनला तिसऱ्यांदा पहिला. रिबाउंड म्हणजे निव्वळ मेहनतीचा आकडा मानतात ना सगळे? पैशाने मेहनत मरत असती तर हा माणूस पहिल्याच वर्षी मेला असता. आणि थकव्याची जी दुसरी पार्टी आहे तिच्याबद्दल फार बोलायची गरज नाही. ८२ मॅचेस सगळ्याच तीस टीम्स खेळतात, वेस्टमधले प्रवास सगळ्यांनाच लांबचे पडतात, त्यामुळे फक्त किंग्जच का थकतात याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता २६ डिसेंबर २०२४. हा दिवस समजून घेतला तर सगळं समजतं. घरच्या मैदानावर डेट्रॉइटविरुद्ध किंग्ज शेवटच्या तीन मिनिटांत दहाने पुढे होते. मग घसरगुंडी. शेवटी तीन सेकंद उरलेले, तीनची लीड, डेट्रॉइटच्या जेडन आयव्हीने तीनचा शॉट मारला, शॉट आत गेला आणि वर डीॲरन फॉक्स या किंग्जच्या स्टारचा फाउल. चौथा पॉइंट फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलमुळे मिळालेल्या मोकळ्या शॉटवर. ११४-११३, हरले. सलग पाचवी हार, रेकॉर्ड १३-१८. मॅचनंतर कोच ब्राउनने जाहीरपणे सांगितलं की फॉक्सने त्या शूटरला ज्या पद्धतीने गाठलं ते चुकलं. दुसऱ्या दिवशी ब्राउनला काढलं. हा तोच ब्राउन, ज्याने २०२३ मध्ये सोळा सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ, आणि ज्याला त्या वर्षी कोच ऑफ द इयर एकमताने मिळालं, इतिहासात पहिल्यांदाच एकमताने. जून २०२४ मध्ये त्याचा करार वाढवून दिला होता. सहा महिने झाले, पुरे. डेन्व्हरमधून मलोनने त्यावर जाहीर तोंडसुख घेतलं, आणि त्याला तो हक्क होताच, त्याच दारातून तोही बाहेर पडला होता.

आता बघा, त्या फाउलला काय म्हणाल? लक्ष नव्हतं म्हणाल. बरोबर, नव्हतं. पण शेवटच्या मिनिटात लक्ष जाण्याची जबाबदारी कोणाची यावर त्या टीममध्ये जे घडलं ते भयंकर होतं: कोचने स्टारची चूक दाखवली आणि चोवीस तासांच्या आत कोच गेला. कारण तेवढंच होतं असं मी म्हणत नाही, आतल्या खोलीत काय बोलणं झालं ते आपल्याला दिसत नाही. पण लॉकर रूममधल्या बाराव्या खेळाडूला काय दिसलं? त्याला एवढंच दिसलं. यापुढे कुठला कोच कुठल्या स्टारला सांगेल की बाबा रे, परत पळ?

इथे समोरच्यांचा दुसरा जोरदार मुद्दा येतो, आणि तो गाळला तर मी लबाडी करतोय असं होईल. ब्राउन गेला, क्रिस्टी आला आणि पहिली मॅच हरून टीम लगेच सलग सात मॅचेस जिंकली. सात! तेच खेळाडू, तेच बूट. मग ब्राउनसाठी ते मन लावून खेळत नव्हते हे सिद्धच झालं की. म्हणजे कोच बदलणं बरोबरच होतं? क्रिस्टीच्या हाताखाली त्या सीझनला २७-२४ झालं, हे ब्राउनच्या १३-१८ पेक्षा चांगलंच आहे, नाकारत नाही.

पण ही गंमत जगात सगळीकडे होते, नवा साहेब आला की पहिले पंधरा दिवस अख्खं ऑफिस वेळेवर येतं. सात मॅचेसनंतर काय झालं ते विचारा. फेब्रुवारीत फॉक्स गेला, सॅन अँटोनिओला. त्याच्या बदल्यात मुख्य माणूस आला झॅक लाव्हिन. एप्रिलमध्ये प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीची, मॅच घरच्या मैदानावर डॅलसविरुद्ध, १०६-१२०, सीझन संपला, आणि त्याच रात्री जनरल मॅनेजर मॉन्टे मॅकनेअरही गेला. म्हणजे चार महिन्यांत कोच, स्टार आणि जनरल मॅनेजर, तिन्ही साफ. दुष्काळ संपवणाऱ्या टीमचे तीन खांब. आणि मग २०२५-२६ ची सुरुवात वाईट झाली तेव्हा आपण विचारतोय की पोरं मनापासून का खेळत नाहीत.

आणि लाव्हिन आलाच कसा, यावर कोणी फारसं बोलतच नाही. डिमार डीरोझन किंग्जकडे २०२४ च्या उन्हाळ्यात आला होता. हे दोघं आधी शिकागोत एकत्र होते, तीन सीझन. काय कमावलं? प्लेऑफमधली एक मॅच, २०२२ मध्ये मिलवॉकीविरुद्ध, मालिका ४-१ ने गेली. पुढे प्लेऑफसुद्धा नाही. दोघेही गुणी स्कोअरर, पण दोघांनाही बॉल हातात लागतो आणि दोघांचाही डिफेन्स बेताचा. शिकागोने जो प्रयोग करून मोडीत काढला तोच सॅक्रमेंटोने पैसे मोजून परत मांडला, वर मागे शॉट ब्लॉक न करणारा सेंटर. असं मिश्रण करून मग ‘यांच्यात फाइट नाही’ म्हणायचं! फाइट कुठून येणार, ज्याला फाइट म्हणतात ती करणारी माणसं घेतलीतच कुठे तुम्ही?

आता एक तुलना करतो जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २ डिसेंबर २०२१, मेम्फिस. ओक्लाहोमा सिटी थंडर ७९-१५२ असे हरले. त्र्याहत्तर पॉइंटने. एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. त्या रात्री ती टीम बघून कोणीही म्हणालं असतं की यांना खेळायचंच नाहीये, यांना फरकच पडत नाही, कोचला हाकला. सीझन २४-५८ वर संपला. कोच मार्क डेग्नॉल्ट, २०२० मध्ये नेमलेला, तेव्हा पस्तिशीचा, नाव फारसं कोणाला माहीत नसलेला. त्याला काढलं? नाही. सॅम प्रेस्टी जनरल मॅनेजर होता, राहिला. शे गिल्जस-अलेक्झांडर स्टार होता, राहिला. लू डॉर्ट होता, राहिला. २०२४-२५ मध्ये हीच टीम ६८-१४ झाली, लीगमधला सगळ्यात कडक डिफेन्स, आणि चॅम्पियन. आज त्यांना बघून लोक म्हणतात काय मेहनत, काय भूक! अहो, २०२१ मध्येही भूक तीच होती, ताट आता वाढलं गेलंय. हो, त्यांच्याकडे ड्राफ्टचे, म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडायच्या फेरीचे, भरमसाठ पिक्स होते, नशीबही लागलं, चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स एकाच ड्राफ्टमध्ये मिळाले, हे सगळ्यांना जमत नाही. पण पिक्स किंग्जलाही मिळाले होते. २०१८ मध्ये दुसरा नंबर होता, त्यांनी मार्विन बॅगली घेतला आणि तिसऱ्या नंबरवरचा लूका डॉन्चिच सोडला. हे जरा उकरून काढल्यासारखं वाटेल, पण सॅक्रमेंटोच्या कुठल्याही माणसाला विचारा, ते अजून भरलेलं नाही.

त्या फायनलमध्ये थंडरसमोर कोण होतं? इंडियाना पेसर्स, सातव्या मॅचपर्यंत झुंजले. आणि पेसर्सचा म्होरक्या टायरीस हॅलिबर्टन, जो किंग्जनीच ड्राफ्ट केला होता आणि २०२२ मध्ये साबोनिससाठी देऊन टाकला. या ट्रेडला मी मूर्खपणा म्हणणार नाही, साबोनिस नसता तर २०२३ चा सीझन झालाच नसता. पण एक गोष्ट बघा. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्यावहिल्या मॅचेस झाल्या त्या याच दोन टीम्सच्या, किंग्ज आणि पेसर्स, रणदिवेंच्या जन्मगावी. दोन्ही पेसर्सनी जिंकल्या, पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. त्यानंतरच्या सहा वर्षांत पेसर्स कुठे पोचले आणि किंग्ज कुठे. पेसर्सही लहान शहरातली टीम, त्यांच्याकडेही मोठे फ्री एजंट, म्हणजे करार संपलेले खेळाडू, रांग लावून येत नाहीत. त्यांनी २०२१ मध्ये रिक कार्लाइलला कोच केलं, सुरुवातीला वाईट सीझन गेले, तरी त्याला ठेवलं.

‘खेळाडूंचं लक्ष नाही, पैसा जास्त झालाय’ हे आपल्याला नवीन आहे का? मार्च २००६, इंग्लंडविरुद्धची मुंबईतली टेस्ट. सचिन २१ बॉलमध्ये १ करून आउट झाला आणि वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या मैदानावर, त्याची हुर्यो उडवली गेली. त्यानंतर काही दिवसांतच खांद्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये वर्ल्ड कपच्या पहिल्या फेरीतच बाहेर, मग तर काय, सिनियर्स स्वार्थी आहेत, जाहिरातींतच लक्ष आहे, यांना देशाचं काही पडलेलं नाही. सचिन, सेहवाग, युवराज, झहीर, हरभजन, धोनी. चार वर्षांनी त्याच वानखेडेवर वर्ल्ड कप उचलला त्यात हीच सहा नावं होती. मधल्या काळात यांना कोणी देशप्रेमाचं इंजेक्शन दिलं होतं का? ग्रेग चॅपेलच्या काळात ड्रेसिंग रूममध्ये कोणाचा कोणावर भरवसा राहिला नव्हता, गॅरी कर्स्टनच्या काळात तो परत आला, आणि जाहिराती तर दोन्ही वेळी तितक्याच होत्या, कदाचित २०११ मध्ये जास्तच.

आता रणदिवेंकडे येतो, कारण या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग तोच आहे. हे गृहस्थ बास्केटबॉलच्या जगात पहिल्यांदा प्रसिद्ध झाले ते टीम विकत घेतल्यामुळे नाही. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीमध्ये त्यांनी मुलीच्या शाळकरी टीमला कोचिंग केलं, बारा-बारा वर्षांच्या मुली, उंची नाही, शूटिंग नाही. क्रिकेट-फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला प्रश्न पडला की बॉल गेल्यावर सगळे मुकाट मागे का पळतात, समोरच्याला त्याच्या टोकापासूनच का अडवत नाहीत? म्हणून पूर्ण मॅचभर फुल-कोर्ट प्रेस. मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित साप्ताहिकात त्यावर मोठा लेख आला: हुन्नर कमी असेल तर मेहनतीने भरून काढता येतं. वाचायला छान वाटतं आणि बारा वर्षांच्या पोरींच्या बाबतीत खरंही आहे, कारण त्या वयात समोरच्या टीमला दबावाखाली इनबाउंडसुद्धा, म्हणजे बॉल बाहेरून आत टाकणंसुद्धा, धड करता येत नाही. पण एनबीएमध्ये समोरचा गार्ड तुमच्या प्रेसमधून हसत बॉल घेऊन जातो आणि पलीकडे पाच विरुद्ध तीन करतो. कोच रिक पिटिनोने हे करून बघितलंय. न्यूयॉर्क निक्सबरोबर प्रेस करून १९८८-८९ मध्ये ५२ मॅचेस जिंकला, लोक दिपले. मग १९९७ मध्ये बॉस्टनला आला, पहिल्याच मॅचला जॉर्डनच्या बुल्सना हरवलं, सगळ्यांना वाटलं झालं, आता क्रांती. जानेवारी २००१ मध्ये १०२-१४६ असा रेकॉर्ड ठेवून राजीनामा देऊन गेला. चॅम्पियन कॉलेज कोच होता, मेहनतीत कमी नव्हता, पोरांना पळवायचा अक्षरशः तोंडाला फेस येईपर्यंत. मेहनत हा तिथे प्लॅनचा भाग नव्हता, तोच प्लॅन होता, आणि ८२ मॅचेसमध्ये तो उघडा पडला.

मेहनत ही इच्छाशक्तीची गोष्ट आहे, हवी तेव्हा चालू करता येते, आणि चालू होत नसेल तर सांगणारा बदला, हा विचार मला तरी सॅक्रमेंटोच्या प्रत्येक हकालपट्टीत दिसतो. रणदिवेंनी टिब्को नावाची कंपनी उभी केली, तिचा धंदाच रिअल टाइम माहितीचा, म्हणजे घडतंय तोवर कळायला हवं आणि लगेच हालचाल करायला हवी. शेअर बाजारासाठी उत्तम. पण बावीस वर्षांच्या खेळाडूला आणि त्याच्या कोचला रिअल टाइममध्ये तपासलं तर प्रत्येक डिसेंबरात कोणीतरी नापास होणारच.

त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. सॅक्रमेंटोची टीम सॅक्रमेंटोत राहिली, ही त्या शहरासाठी केवढी मोठी गोष्ट आहे हे बाहेरच्याला कळणार नाही, शहरात दुसरी मोठी प्रोफेशनल टीम नव्हतीच. डाउनटाउनमध्ये २०१६ मध्ये गोल्डन वन सेंटर उभं राहिलं. आणि २०२२-२३ हा सीझनही त्यांच्याच मालकीत झाला. पण तो सीझन माझ्याच बाजूने साक्ष देतो. ४८-३४, ऑफेन्स तोवरच्या इतिहासातला सगळ्यात तगडा, जिंकल्यावर रात्री आकाशात जांभळा लेझर आणि शहरभर ‘लाइट द बीम’. तेव्हा पळत होते ना सगळे? त्या वर्षी फॉक्स, हर्टर, बार्न्स, मरे, साबोनिस, पाचही जण सत्तरच्या वर मॅचेस खेळले, एकच फळी, एकच कोच, एकच भाषा. डिफेन्स तेव्हाही काही खास नव्हता बरं का, लीगच्या तळाकडेच होता. पण तेव्हा कोणी ‘मेहनत नाही’ म्हणालं नाही, कारण जिंकत होते.

आणि मेहनतीचंच बोलायचं तर किंग्जच्या सगळ्यात प्रेमळ आठवणीतली टीम घ्या, २००२ ची. वेबर, डिवाच, बिबी, पेजा, आणि डिफेन्सला जीव टाकणारा डग क्रिस्टी, हो, पुढे कोच झाला तोच. वेस्टर्न फायनलची, म्हणजे एनबीए फायनलच्या आधीच्या मालिकेची, सातवी मॅच, घरचं मैदान, लेकर्स समोर, ओव्हरटाइमपर्यंत गेली. त्या टीमला आळशी म्हणायची कोणाची हिंमत आहे? ३० फ्री थ्रोपैकी १४ हुकले आणि ११२-१०६ ने मॅच गेली. पुढच्या वर्षी कोच रिक अॅडलमन तिथेच होता, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि ती टीम २००६ पर्यंत दर वर्षी प्लेऑफ खेळत राहिली.

तिकीट काढून गेलेल्या माणसाने हुर्यो उडवू नये असं मी म्हणत नाही, जरूर उडवावी, तीस पॉइंटने हरणारी टीम बघायला पार्किंगचे पैसे भरलेत त्याने. पण दर सीझनला पंधरा मॅचेस झाल्या की ‘कोचला हाकला’ सुरू करणारेही आपणच असतो, आणि मालक ते ऐकतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकतो. ब्राउन गेला तेव्हा ‘बरं झालं’ म्हणणारे कमी नव्हते. २०२५ मध्ये स्कॉट पेरी नवा जनरल मॅनेजर म्हणून आलाय, त्याला लाव्हिन-डीरोझनचे करार निस्तरायला, कीगन मरेसारख्या डिफेन्स करणाऱ्या तरुण खेळाडूंभोवती टीम उभी करायला किमान तीन सीझन लागतील, आणि त्यातला एखादा तरी २४-५८ सारखा असेल, कदाचित त्याहून वाईट. तेव्हा कोणीतरी पुन्हा चालत परत येताना दिसेल, क्लिप फिरेल, आणि आपण काय मागणार आहोत, नववा कोच?